काउंटरवर मी थायरॉईड सांगितलं

नमस्कार मंडळी. आजचा विषय असा आहे की घरात सासूबाई, पोरंबाळं बसली असतील तर काहीजण आवाज कमी करतील. करा, माझी हरकत नाही, मी स्वतः दोन वर्षं आवाज कमी करूनच बसलो होतो. विषय आहे पुरुषांच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी होणं, आणि त्याहून अवघड म्हणजे ते बघणारा डॉक्टर सापडणं.

आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. मी एसटीत कंट्रोलर, बार्शीला राहतो, स्टँडवर गाड्या लावतो, माईकवर ओरडतो. म्हणून बोलायची सवय आहे एवढंच.

तर सेहेचाळिसावं लागलं आणि काहीतरी बिनसलं. ड्युटीवरून आलो की चप्पल काढायच्या आधी झोप यायची. रोज दाढी करणारा माणूस मी, ती चार दिवसांवर गेली, मला वाटलं ब्लेड चांगलं आलंय. आणि नवरा-बायकोतलं म्हणाल तर त्रास असा काहीच नव्हता, इच्छाच होत नव्हती, भूक मेल्यासारखी. सकाळी उठताना जे शरीरात आपोआप होतं तेही बंद झालेलं. हे आधी बायकोच्याच लक्षात आलं, पण ती बिचारी समजली की माझं तिच्यावरच मन राहिलं नाही, आणि मी समजलो तिला काही कळलंच नाही, असं सहा महिने आम्ही एकाच घरात दोन वेगवेगळे गैरसमज सांभाळत होतो.

पहिले आमचे नेहमीचे डॉक्टर. चांगला माणूस, पण त्यांच्यापुढे पाच मिनिटं मी फक्त थकव्याबद्दलच बोललो, बाकीचं जिभेवर आलं आणि गिळलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 11.6. लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिने खाल्ल्या, शौचाला काळं झालं, हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. मग एकदा धीर करून दुसरी गोष्ट सांगितली तर हसून म्हणाले अहो आता नातवंडांचे दिवस आले. माझी पोरगी तेव्हा दहावीला होती. (टेस्टोस्टेरॉन कमी असलं की हिमोग्लोबिन पण उतरतं, त्याला लोहाने फरक पडत नाही, हे मला फार नंतर समजलं.)

मग दुसरा रस्ता. तुम्ही कुठल्याही स्टँडच्या मुतारीत जा, भिंतीवर कागद असतात, 'निराश रोगी मिलें', खाली मोबाईल नंबर आणि लॉजची खोली. ते कागद फाडायला लावणं हे माझं कामच आहे, आणि एक दिवस मी त्यातलाच एक नंबर हळूच लिहून घेतला. खोलीवर गेलो, नाडी बघितली, रक्त नाही, लघवी नाही, नऊ हजाराची पावडर. पावडरीत काय होतं ते देवाला माहीत, मला फक्त ॲसिडिटी झाली. तिसरा भेटला जिममधला, पुतण्याचा दोस्त, म्हणे काका दर आठवड्याला एक इंजेक्शन टाका, महिन्यात घोडा. सुदैवाने तेवढं तरी अंगावर घेतलं नाही. कारण कसंय, बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिच्युटरी ग्रंथी म्हणते बाहेरून माल येतोय तर आपण कशाला ऑर्डर सोडायची, आणि मग स्वतःचं बनणं बंद, शुक्रजंतू पण बंद. ज्या पोरांचं लग्न अजून व्हायचंय ती पोरं जिममध्ये हे टोचून घेतात आणि पाच वर्षांनी मूल का होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्या करत फिरतात. असा एक आमच्या डेपोतच आहे, नाव नाही घेत.

एक गोष्ट राहून राहून वाटते. ह्याच महाराष्ट्रात र. धों. कर्वे होऊन गेले, 1927 साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, लोक पत्रं लिहून असलेच प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ उत्तरं छापायचे. त्यापायी खटले झाले, एका खटल्यात तर वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. जवळपास शंभर वर्षं होत आली, आणि मी 2020 नंतरच्या काळात लॉजची खोली गाठतो, बोला.

शेवटी बायकोच म्हणाली, सोलापूरला नाहीतर पुण्याला जाऊ पण शिकलेल्याकडे जाऊ. आम्हाला वाटायचं हे चामडीवाले बघतात. तसं नाही. हार्मोनचा डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, एमडी मेडिसिन करून पुढे तीन वर्षांचं डीएम करतात, पाटीवर 'डीएम एंडोक्रायनॉलॉजी' लिहिलेलं असतं. नाहीतर युरोसर्जन, म्हणजे लघवीच्या मार्गाचे सर्जन, असतात, त्यातले काहीजण पुरुषांचंच बघतात, त्यांना अँड्रॉलॉजिस्ट म्हणतात. मुंबईकरांचं बरंय, महापालिकेच्या केईएम दवाखान्यात एंडोक्रायनॉलॉजीची ओपीडी आहे, गर्दी मरणाची पण माणसं जाणकार. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मात्र डीएम झालेला माणूस सापडणं म्हणजे उन्हाळ्यात उजनीचं पाणी रोज येणं.

फोन लावला. पहिल्या ठिकाणी बाई म्हणाल्या सर फक्त शुगर आणि थायरॉईड बघतात. दुसऱ्या ठिकाणी अपॉइंटमेंट मिळाली, गेलो, तर काउंटरवर तीस माणसांसमोर पोरगी मोठ्यांदा विचारते, काय त्रास आहे काका? मी म्हणलं थायरॉईड. बायको माझ्याकडे बघायला लागली. आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगितलं तर त्यांनी संध्याकाळी पाच वाजता रक्त घ्यायला लावलं, आकडा आला 248, म्हणे थोडं कमी आहे, वजन उतरवा, या. वजन उतरवा हे खोटं नव्हतं हां, पोट सुटलं की आणि शुगर असली की हा आकडा खाली येतोच, आणि वजन उतरलं की थोडा वर पण येतो. पण का कमी आहे हे कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते तिसऱ्या ठिकाणी, पुण्यात. वयस्कर मॅडम होत्या. बाई बघून मी आणखीनच आक्रसलो, पण त्यांनीच विषय काढला, अगदी गाडीचं वेळापत्रक विचारावं तसं. सकाळचं कसं असतं, दाढी किती दिवसांनी करता, घोरता का, रात्रपाळी असते का, मुलं किती. म्हणलं एक मुलगी, लग्नानंतर नऊ वर्षांनी, नवसाची. त्या थांबल्या. मग ड्रॉवरमधून एक माळ काढली. लाकडी मण्यांची, बारा मणी, शेंगदाण्यापेक्षा लहान मण्यापासून सुरू होऊन अंड्याकडे जाणारे, एकेकावर आकडा, 1 ते 25. मला वाटलं आता जप सांगतात. ती माळ वृषणाचं माप घ्यायची असते, स्वित्झर्लंडच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी काढलेली. मोठ्या माणसाचं माप पंधराच्या पुढे पाहिजे, माझं दोन्हीकडे आठ. त्यांनी विचारलं, लहानपणी गालगुंड झालं होतं का? आणि मला एकदम होस्टेल आठवलं, एकोणिसाव्या वर्षी, गाल सुजलेले, नंतर खाली सूज, आठ दिवस चालता येत नव्हतं, घरी कुणाला सांगितलं नाही. वयात आल्यावर गालगुंड झालं तर ते वृषणावर उतरू शकतं. पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वीची भानगड आणि मी लोह खात बसलेलो. जाता जाता सांगतो, सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेलाची) असते, त्यात गालगुंडाची लस नाही, एमएमआर मध्ये आहे, बाळाच्या डॉक्टरला विचारून घ्या.

मॅडमनी परत रक्त सांगितलं, उपाशीपोटी, सकाळी आठ ते दहाच्या आत, कारण टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, संध्याकाळी उतरतं. आणि एकदा नाही, दोन वेगवेगळ्या दिवशी. माझी आठवड्यातून दोनदा रात्रपाळी, तर म्हणाल्या नाईट करून तसंच येऊ नका, रात्रभर झोपून या. केस गळतीच्या बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस बंद, त्याने मशीन चुकतं. आकडे आले 231 आणि 219. साधारण 300 च्या खाली दोनदा आलं, सोबत त्रास पण असला, तर कमी धरतात. रिपोर्टमध्ये युनिट बघा बरं का, माझे आकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, काही लॅब प्रति मिलिलिटर धरून 2.31 लिहितात, ते पण तेच, मी ते बघून अर्धा मेलो होतो. सोबत एलएच, एफएसएच (पिच्युटरी खाली वृषणांना सोडते त्या ऑर्डरी), प्रोलॅक्टिन (पिच्युटरीचंच आणखी एक हार्मोन), पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची तपासणी). माझं एलएच 19, फार जास्त, म्हणजे वरून पिच्युटरी ओरडतीये आणि खाली कारखाना बंद. एलएच कमी असतं तर दोष वरचा, मग प्रोलॅक्टिन वाढलंय का, पिच्युटरीत गाठ आहे का ते बघतात, आणि प्रोलॅक्टिनची गाठ असेल तर इंजेक्शन नाही, वेगळ्याच गोळ्या. म्हणून हे न बघता जो डायरेक्ट इंजेक्शन काढतो त्याच्यापासून उठून या, कितीही मोठी पाटी असू दे.

बरं, डॉक्टर मंडळी टाळतात त्यालाही कारण आहे, उगाच शिव्या नको. 1941 मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं की पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो, पुढे त्यांना नोबेल मिळालं, आणि तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या डॉक्टरांच्या डोक्यात बसलं की हे दिलं तर कॅन्सर होतो. मग हृदयाची भीती आली. 2023 मध्ये अमेरिकेतला ट्रॅव्हर्स नावाचा मोठा अभ्यास आला, हृदयाचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष, 45 ते 80 वयाचे, त्यात हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचं प्रमाण औषधवाल्यांत आणि नुसतं नावापुरतं औषध दिलेल्यांत सारखंच निघालं, पण हृदयाचे ठोके बिघडणं आणि फुप्फुसात गुठळी थोडी जास्त दिसली. म्हणजे राक्षस पण नाही आणि प्रसाद पण नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्याला देत नाहीत, रक्त घट्ट असलेल्याला जपून, आणि मूल हवं असलेल्याला हे न देता एचसीजी नावाच्या हार्मोनसारखं दुसरं देतात. मॅडमनी बायकोला आत बोलवून विचारलं अजून मूल हवंय का, तेव्हा ती दोन वर्षांत पहिल्यांदा हसली.

आता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन असतं. तेलातलं, दाट, सुई जाड, आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आधी ॲम्प्युल मुठीत धरून कोमट करतात. पहिला आठवडा रुबाब, तिसऱ्या आठवड्यात परत जांभया. जेल पण असतं पण ते कातडीवरून लेकराबाळांना लागू शकतं, आणि महाग. मेडिकलवाला पहिल्यांदा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, जिम लावली का काय? चिठ्ठी पुढे सरकवली. तीन महिन्यांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, तपासतात, 54 च्या वर गेलं की बंद, माझं 47 आहे. हिमोग्लोबिन 13.8 झालं, बिन लोहाचं. सगळं विशीसारखं झालं म्हणाल तर नाही, वजन अजून तसंच आहे, चिडचिड थोडी आहे, पण ड्युटीवरून येऊन चहा पितो आणि मग झोपतो.

पत्रं जरूर पाठवा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. पण डोस विचारू नका, तो मला सांगता येत नाही. पुण्याची गाडी किती वाजता लागते ते विचारा, ते सांगतो, कारण सकाळी आठ ते दहाच्या आत उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर आदल्या रात्रीच निघून मुक्काम करावा लागतो.