काचोकावाल्लो ताणताना तुटतंय? पाणी तापवणं थांबवा

नमस्कार मंडळी! काचोकावाल्लो म्हणजे गरम पाण्यात ताणून बनवायचं इटालियन चीज. "ताणताना चीज तुटतं, पाणी अजून गरम करू का?" कमेंट्समध्ये हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. नका करू. गडबड पाण्याच्या आधीच झालेली असते.

सुरुवात पटकन उरकते. गायीचं दूध ३६ ते ३८ अंश सेल्सियसवर रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) घालून गोठवायचं, कर्ड म्हणजे गोठलेलं दूध (दही नव्हे) हेझलनटएवढं बारीक करायचं. शाकाहारी असाल तर लक्षात घ्या, दक्षिण इटलीच्या अस्सल काचोकावाल्लो सिलानोत वासराचं किंवा करडाचं रेनेट असतं. घरी मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट चालेल.

आता खरं काम. कर्ड व्हेमध्येच, म्हणजे सुटलेल्या निवळीतच ठेवून आंबू द्यायचं. सिलानोला याला ४ ते १० तास लागतात. यावर लगेच कमेंट: "म्हणजे नक्की ७ तास ना?" अहो, ४ आणि १० मध्ये एवढं अंतर आहे ते उगाच नाही! विरजणाचा जोर, खोलीतली ऊब, दूध, सगळं बदलतं. घड्याळ सोडा, तुकडा तोडा. ८० ते ८५ अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि ओढा. तुटला तर थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. चकाकत लांब गेला की लगेच ताणायला घ्या.

पीएच मीटर (आंबटपणा मोजायचं यंत्र; आकडा जितका कमी तितकं आंबट) असेल तर ५.२ च्या आसपास बघा. केसिनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं. आंबटपणा वाढला की ते व्हेत उतरतं आणि केसिन ताणलं जातं. कॅल्शियम पुरेसं उतरलं नाही तर तुटणारच, पाणी कितीही उकळवा. फार उतरलं तर पाण्यात लगदा होतो. घाई सुधारता येते, उशीर नाही. म्हणून ४ तासांपासूनच तुकडे तपासा.

"उकळत्या दुधात लिंबू पिळलं तर?" पनीर होईल, छान होईल, ताणलं जाणार नाही. त्या उष्णतेने व्हेमधली प्रथिनं केसिनला चिकटतात. टेट्रापॅकच्या यूएचटी (खूप जास्त तापवलेल्या) दुधाचंही तेच, रेनेटने नीट गोठतच नाही.

ताणताना हातमोजे घाला. कणकेसारखं मळू नका, फॅट निघून जातं. घडी घाला, ओढा, पुन्हा घडी. गोळ्याला मान काढा, थंड पाण्यात घट्ट होऊ द्या, मग मिठाच्या पाण्यात. नंतर दोन-दोन एका दोरीला बांधून काठीवर टांगा. सिलानो निदान ३० दिवस मुरतं. टांगलेल्या जागी पंखा नको, साल तडकते.