पॉइंटांचा घरगुती हिशेब

बेळगावच्या या वाचनालयात आज बसलेल्या बहुतेक घरांतील कोणी ना कोणी बेंगळुरू, पुणे किंवा हैदराबादला नोकरीला आहे, काहींची मुले आखातात आहेत, आणि गणपती, दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की घरोघरी तिकिटांचा विषय निघतो. मी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर गल्लीतल्या लोकांना त्यांच्या क्रेडिट कार्डांची बिले वाचून समजावण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले. त्या बिलांवरून जे ध्यानात आले तेच आज सांगणार आहे. विमान कंपन्यांच्या पॉइंटांमुळे कुटुंबाचा प्रवासखर्च खरोखर कमी होतो. मात्र ज्या घरात पॉइंटांची वही पैशांच्या वहीइतकी काटेकोर ठेवली जाते, त्याच घरात ही बचत शेवटी हाताला लागते.

हे पॉइंट येतात कोठून, ते आधी पाहू. अमेरिकेत 1978 मध्ये विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला, कंपन्यांमध्ये चुरस लागली आणि 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासी आपल्याकडे टिकून राहावेत म्हणून उडालेल्या मैलांवर बक्षीस देण्याची योजना काढली. म्हणून आजही या पॉइंटांना माइल्स म्हणतात. पुढे बँका या योजनांत शिरल्या. आज विमान कंपनी आपले पॉइंट बँकेला विकते आणि बँक ते कार्डधारकाला देते. बँकेला हा पैसा मिळतो दुकानदाराकडून, कारण आपण गणपत गल्लीतल्या दुकानात कार्ड घासतो तेव्हा त्या रकमेचा काही भाग शुल्क म्हणून कापला जातो. ते शुल्क सोसायचे नसले की दुकानदार सांगतो, “कार्डाने दिलेत तर दोन टक्के जास्त पडतील.” अशा वेळी कार्ड खिशातच ठेवावे. एक लाखाच्या दागिन्यावर दोन हजार रुपये जास्त देऊन बाराशे रुपयांचे पॉइंट घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती अडाणी नव्हती.

हे बाराशे कसे काढायचे, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडा वेळ थांबतो. समजा, एका तिकिटाचा रोख दर 6,200 रुपये आहे. तेच तिकीट 8,000 पॉइंटांवर मिळते, परंतु विमानतळाचे शुल्क आणि कर मिळून 1,400 रुपये रोख भरावेच लागतात. पॉइंटांवरचे तिकीट सहसा पूर्ण फुकट नसते. म्हणजे 8,000 पॉइंटांनी आपले 4,800 रुपये वाचवले आणि एका पॉइंटाची किंमत 60 पैसे झाली. शंभर रुपयांच्या खरेदीवर दोन पॉइंट मिळत असतील, तर खर्चाच्या सव्वा टक्क्याहून किंचित कमी रक्कम परत येते; एक लाखाच्या दागिन्यावरचे बाराशे ते हेच. हाच पॉइंट बिलात वळता करून घेतला किंवा बँकेच्या यादीतील मिक्सरवर खर्च केला, तर अनेकदा 20-25 पैसेच पदरात पडतात. तिकीट काढण्यापूर्वी हा भागाकार प्रत्येक वेळी करावा, कारण आज अनेक कंपन्यांत तिकिटाला लागणारे पॉइंट गर्दीनुसार रोज बदलतात.

आता वर्षाचा हिशेब मांडू. किराणा, वीजबिल, कपडे, औषधे असा तीन लाखांचा खर्च कार्डावर केला, तर 6,000 पॉइंट जमतील, म्हणजे 3,600 रुपये. कार्डाची वार्षिक फी 2,500 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी धरला तर 2,950 रुपये जातात. उरले साडेसहाशे. म्हणून ठरावीक खर्चानंतर फी माफ होणारे कार्डच घरगुती वापराला परवडते, हे माझे स्पष्ट मत आहे. त्यातही पेट्रोल, घरभाडे, मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर पुष्कळ कार्डे पॉइंट देतच नाहीत. तेव्हा तीन लाख खर्च झाला म्हणून तीन लाखांवर पॉइंट मिळाले असे गृहीत धरू नये.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. बिलावर मिनिमम ड्यू, म्हणजे किमान भरायची रक्कम, असा एक छोटा आकडा छापलेला असतो आणि तेवढा भरला की काम भागले असे वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे फक्त उशिराचा दंड टळतो. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून व्याज लागते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. अनेक कार्डांवर हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला 42 टक्के. पन्नास हजारांची बाकी एक महिना राहिली, तर 1,750 रुपये व्याज आणि त्यावर 315 रुपये जीएसटी, असे 2,065 रुपये होतात. साडेसहाशेच्या दराने तीन वर्षे जपून केलेली बचत त्या एका महिन्यात संपते. ज्यांना महिन्याचे पूर्ण बिल भरणे जमत नाही, त्यांनी पॉइंटांच्या वाटेला जाऊच नये, असे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितले आहे.

वर्षाला सहा हजार पॉइंट, म्हणजे एकही पूर्ण तिकीट नाही. चौघांच्या एकेरी प्रवासालाच 32,000 पॉइंट लागतात, त्यासाठी पाच वर्षांहून अधिक काळ जाईल, आणि अनेक पॉइंटांची मुदत त्याआधीच संपते. म्हणून सगळी तिकिटे पॉइंटांवर काढण्याचा हट्ट सोडून एखादे पॉइंटांवर आणि बाकीची रोखीने, असे करावे. मात्र तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगवेगळ्या आरक्षण क्रमांकांवर, जातात, म्हणून लहान मूल आणि त्याच्यासोबतचा मोठा माणूस एकाच पीएनआरवर ठेवावा. वेळापत्रक ऐनवेळी बदलले की त्याचे महत्त्व कळते. मूल दोन वर्षांचे झाले की त्याला स्वतंत्र जागा घ्यावी लागते आणि पॉइंटही त्या जागेचे द्यावे लागतात.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात चौघांनी जायचे ठरले आणि मी उत्साहाने बँकेतील सगळे पॉइंट एका विमान कंपनीच्या खात्यात वळते केले. रात्री जेवणानंतर तिकिटे काढायला बसलो, तर पॉइंटांवर दोनच जागा शिल्लक होत्या. वळते केलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत, हा नियम त्याच पानावर लिहिलेला होता आणि मी तो वाचला नव्हता. उरलेल्या पॉइंटांपैकी निम्मे पुढे वापराविना मुदत संपून गेले. तेव्हापासून मी आधी जागा पाहतो, घरातल्या चौघांच्याही रजा पक्क्या करतो आणि मगच पॉइंट हलवतो.

पॉइंट कोणत्या कंपनीचे जमवावेत, याचे उत्तर बेळगावकरांसाठी मुंबईकरांपेक्षा वेगळे आहे. आपल्या सांबऱ्याच्या विमानतळाहून इंडिगो आणि स्टार एअर यांची विमाने सुटतात. इंडिगोची ब्लूचिप ही योजना 2024 मध्ये सुरू झाली; ती येथून सरळ उपयोगी पडते, परंतु ही कंपनी विमान कंपन्यांच्या कोणत्याही जागतिक गटात नाही. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या अशा गटात आहे, त्यामुळे तिच्या महाराजा क्लब या योजनेचे पॉइंट सिंगापूर एअरलाइन्स किंवा लुफ्थान्सा यांच्या विमानांतही वापरता येतात. मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांना ते सोयीचे. मात्र त्यासाठी आधी बेंगळुरू किंवा मुंबई गाठावी लागते आणि तो खर्च हिशेबात धरावाच लागतो. गोव्याहून स्वस्त तिकीट मिळाले, तरी हेच लागू आहे. गोव्यातील मोपा विमानतळाहून माणशी दीड हजार कमी, म्हणजे चौघांचे सहा हजार वाचले असे वाटते. पण चोर्ला घाटातून किंवा आंबोलीमार्गे जायच्या-यायच्या गाडीला साडेचार-साडेचार हजार दिले, तर तीन हजारांचा तोटाच झाला.

पॉइंट साठवून ठेवू नयेत, यालाही कारण आहे. किंगफिशर एअरलाइन्स 2012 मध्ये बंद पडली. जेट एअरवेजची विमाने 17 एप्रिल 2019 नंतर थांबली. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे पॉइंट नव्या योजनेत वर्ग झाले. सुदैवाने तो व्यवहार सुरळीत पार पडला. बँकेतील ठेवीला जसे विम्याचे संरक्षण आहे, तसे पॉइंटांना नाही. शिवाय तिकिटाला लागणारे पॉइंट वाढवण्याचा अधिकार कंपनी नियमांत स्वतःकडेच राखून ठेवते.

शेवटी एक गोष्ट खास आपल्या भागातली. आपल्या मराठी नावांत वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये असते, तर कर्नाटकातील शाळेच्या दाखल्यावर आणि काही सरकारी कागदांवर अनेकदा केवळ आद्याक्षर असते, तेही कधी आधी, कधी शेवटी. इंग्रजी स्पेलिंग तर कधी कन्नड उच्चाराप्रमाणे होते, कधी मराठी. विमान कंपनीच्या खात्यातील नाव आणि तिकिटावरचे नाव जुळले नाही, तर प्रवासाचे पॉइंट जमा होत नाहीत, आणि खरी अडचण म्हणजे विमानतळाच्या प्रवेशद्वारावर तिकिटावरचे नाव आधारशीही जुळत नाही. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या तीन कागदांवर तीन नावे होती. खाते उघडताना पासपोर्टवरचे नाव अक्षरशः उतरवावे, पासपोर्ट नसेल तर आधारवरचे. काही योजनांत आपले पॉइंट कुटुंबीयांसाठी वापरायचे तर त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात. तीही याच पद्धतीने नोंदवावीत. आणि प्रवास झाल्यावर पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास टाकून देऊ नये, कारण राहिलेले पॉइंट मागताना तोच पुरावा म्हणून जोडावा लागतो.