आईची कमाई आणि कलम ४

नमस्कार, श्रोतेहो.

वेश्याव्यवसायाला मान्यता द्यावी का, हा वाद निघाला की बोलणं लगेच नीती-अनीतीवर जातं. कायदा काय म्हणतो, ते मात्र कुणी वाचत नाही. आज तेच बोलू.

अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा आपला कायदा १९५६ चा. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं, खासगी जागेत धंदा करणं हा त्यात गुन्हा नाही. पण सोबत असावी म्हणून दोघींनी मिळून खोली घेतली, की तो कुंटणखाना ठरतो. गिऱ्हाइकाला खुणावलं, तर कलम ८ खाली बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद. त्याच कलमात पुरुषाला जास्तीत जास्त तीन महिने!

सगळ्यात क्रूर आहे ते कलम ४. तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हे कलम दलालांसाठी केलं, हे खरं. पण कॉलेजात शिकणारा तिचा मुलगा, तिच्या पैशांवर औषध घेणारी म्हातारी आई, ही माणसंही त्यात सापडतात. मुलगा आईजवळ राहतो एवढ्यावरून कायदा त्याच्यावर संशय धरतो, आणि निर्दोष असल्याचं त्यानंच सिद्ध करायचं. पोराला शिकवायचं तरी कसं त्या बाईनं?

शिवाय धाडीत ‘सुटका’ झालेल्या बाईला कलम १७ खाली एक ते तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येतं. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयानं अशा तीन सज्ञान तरुणींना सोडायला लावलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की धाडीत या बायांना अटक करू नका, छळू नका, केवळ व्यवसायामुळे मूल आईपासून तोडू नका.

मान्यतेमुळे पोरींची खरेदी-विक्री वाढेल, ही भीती मी हलकी मानत नाही. फसवून, विकून आणलेल्या कितीतरी आहेत. मानवी तस्करीची कलमं कडकच हवीत, त्यात तडजोड नको. पण वस्तीत अल्पवयीन मुलगी आणली गेली, हे सर्वांत आधी शेजारच्या बाईला कळतं. पोलिसाची तिलाच धास्ती असेल, तर ती चौकीवर जाईल कशी? सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बाया संघटित झाल्या, त्या या धास्तीविरुद्धच.

म्हणून मला परवाने आणि नोंदणी नको आहे. त्यानं पोलिसांच्या हाती आणखी एक वही येईल. न्यूझीलंडनं २००३ मध्ये सज्ञानांचा हा व्यवसाय गुन्ह्यांतून काढला आणि बळजबरी गुन्हाच ठेवली. आपल्याकडे न्यायालयाचे निर्देश आहेत, पण कायद्याची जागा ते घेऊ शकत नाहीत. कलम ४, ८ आणि १७ संसदेनंच बदलायला हवीत. तुमचा खासदार मत मागायला येईल, तेव्हा त्याला या तीन कलमांविषयी विचारा.