उभ्या होडीचा खर्च

[दृश्य : ऑगस्ट. खाडीकाठी, माडांच्या सावलीत ताडपत्रीखाली झाकलेली होडी.]

५ मीटर लांब, २ मीटर रुंद फायबरची होडी. मागे ४० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. कोकणातल्या खाडीत घरच्यांना फिरवायला, गळ टाकून बसायला एवढी पुरते. जूनपासून ती पाण्यात उतरलेली नाही, तरी तिच्यावरचा खर्च थांबलेला नाही.

आधी पावसाचा हिशोब. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस नवलाचा नाही. उघड्या होडीचं तोंड ८ चौरस मीटर धरा. तेवढ्या पावसात तिच्यात ८०० लिटर पाणी साठतं. खाडीत बांधून ठेवलेल्या होडीत ते उपसायला असतो एक छोटा पंप आणि एक बॅटरी. बॅटरी उतरली की पंप बंद, आणि मग होडी काठापर्यंत भरते. म्हणून मच्छीमार होड्या शाकारतात, तशी मेअखेर हीसुद्धा वर ओढायचीच. ओढणारा ट्रॅक्टर, माणसं, जागेचं भाडं, ताडपत्री हे दरवर्षी धरून चाला. वर घेतल्यावर मागचं बूच काढून ठेवा आणि पुढचं टोक वीतभर उंच ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी आपसूक निघून जाईल.

[दृश्य : तळहातावर रबरी इंपेलर. एका पात्याचा तुकडा उडालेला.]

खरा पैसा खातं ते इंजिन, आणि त्याची सुरुवात या रबराच्या चकतीपासून होते. इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या खालच्या भागातून खाडीचं पाणी वर ओढून इंजिन थंड ठेवायचं काम हिचं. पाण्याबाहेर इंजिन कोरडं सुरू केलं, तर मिनिटभरातही पाती जळतात. महिनोन् महिने न फिरता राहिली तर एकाच बाजूला वाकून ताठरतात. मग एखादं पातं तुटतं, तुकडा पाण्याच्या वाटेत अडकतो, इंजिन तापतं आणि हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सांधा बंद ठेवणारी चकती, जाते. इंपेलर वर्षाला बदलला तर मामुली खर्च, गॅसकेट गेलं तर इंजिन खोलावं लागतं.

दर फेरीनंतर इंजिनातून १० ते १५ मिनिटं गोडं पाणी फिरवा. १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बदला. गिअर ऑइल खालच्या छिद्रातून भरायचं, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलंय. इंजिनाला लावलेला जस्ताचा तुकडा, म्हणजे अॅनोड, अर्धा झिजला की बदला. तो झिजतो म्हणून इंजिनाचं अॅल्युमिनियम वाचतं. त्याला रंग मात्र कधीही फासू नये.

पेट्रोलचीही काळजी हवी. आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं, बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात, आणि पंपावर २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत चार महिने पेट्रोल पडून राहिलं तर पाणी तळाशी बसू शकतं. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटर असेल तर तोही. पेट्रोलच्या नळीत पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवाच.

[दृश्य : ओहोटीला उघडा पडलेला तळ, बार्नेकलने, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचाच्या जिवांनी, खरखरीत.]

होडी पाण्यात ठेवायची तर तळाला अँटिफाउलिंग, म्हणजे असले जीव चिकटू न देणाऱ्या, रंगाचे दोन हात लागतात, साधारण २ लिटर. न लावल्यास काही आठवड्यांत बार्नेकल बसतात, वेग पडतो, पेट्रोल वाढतं. रंगात तांबं असेल तर तो इंजिनाच्या अॅल्युमिनियमला लागू देऊ नका, धातू कुरतडला जातो.

बांधायला तळाशी काँक्रीटचा ठोकळा टाकतात. ५०० किलोचा ठोकळा पाण्यात जेमतेम २८५ किलोचा उरतो, हे बरेचजण विसरतात. साखळी सर्वांत आधी झिजते ती जमिनीला घासते तिथे. ते कडं दरवर्षी वर काढून बघा.

पेट्रोल पूर्ण वेगात तासाला १५ लिटरच्या आसपास, म्हणजे दीड हजार रुपयांच्या वर. नोंदणी, तपासणी, विमा, माणशी एक लाइफ जॅकेट ठरलेलंच. नवी घ्यायची तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या होडीवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणून पुष्कळजण जुनीकडे वळतात. जुनी बघताना हातोडीच्या मुठीने मागची फळी वाजवा, जिथे इंजिन टांगलेलं असतं. टणक आवाज आला तर ठीक. भद्द वाजलं तर आतलं प्लायवुड कुजलंय. किंमत कितीही उतरवली तरी ती होडी सोडून द्या.

[दृश्य : ऑक्टोबर. होडी पाण्यात, इंजिन सुरू.]

इंजिनाच्या बाजूने एक बारीक धार पडू लागते. हात लावून बघा : धार जोरदार आणि कोमट असेल, तर इंपेलर पाणी ओढतोय. धार नसेल तर लगेच इंजिन बंद करा.