घड्याळ सांगेल तेव्हा थांबा

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी कंबर जरा मोकळी वाटते. बरं वाटतंय तोवर आवरून टाकू, म्हणून माळा उपसला जातो, चादरी धुऊन निघतात, वीस पोळ्या एका दमात लाटून होतात. संध्याकाळी कंबर धरते. मग दोन दिवस अंथरूण, शेक, बाम, गोळी. तिसऱ्या दिवशी सैल वाटलं की पुन्हा माळा. वर्षानुवर्षं कंबर दुखणाऱ्या कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं. आज बोलायचंय ते हे चक्र थांबवण्याबद्दल.

तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट वेदना म्हणतात. ताजी वेदना इजेची खबर देते. जुनाट वेदनेत मात्र पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जातंतू, मज्जारज्जू आणि मेंदू हळवे झालेले असतात, आणि साध्या वाकण्यानेही धोक्याचा भोंगा वाजतो. मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी 1965 साली मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक दार असतं आणि वेदनेचे संदेश तिथे कमी-जास्त होतात. दाराची चौकट लागली की आपण कोपर चोळतो आणि कळ उतरते, ते यामुळेच. भीती, अपुरी झोप, सतत वेदनेकडे लागलेलं लक्ष हे दार उघडं ठेवतात. पण म्हणून ‘सगळे मनाचे खेळ’ असं कुणी म्हणालं तर ते साफ चूक आहे. वेदना खरी असते.

एमआरआयच्या अहवालात ‘चकती झिजली’, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी झिजली, असं वाचून माणूस खचतो. पण 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांमध्येही चकतीची झीज दिसली: विशीत सुमारे 37 टक्के, ऐंशीत 96 टक्के. नुसती झीज दिसली म्हणून हालचाल बंद करायचं कारण नाही. मात्र पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी झालेला कर्करोग, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासणी, मगच पुढचं सगळं.

अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट हेरली. दुखेपर्यंत काम आणि दुखलं की विश्रांती, असं चाललं की कामाला शिक्षा मिळते आणि दुखण्याला बक्षीस. शरीर हे शिकतं, आपल्याला कळतही नाही. फोर्डाइस यांनी क्रम उलटा केला. काम ठरलेल्या मापाचं, आणि माप पुरं झालं की विश्रांती.

घरी हे असं करता येतं. एकच काम निवडा, समजा ओट्यापाशी उभं राहणं. तीन दिवस, कळ वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं झाली ते लिहून ठेवा. समजा 12, 7 आणि 11. सरासरी 10. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 8 मिनिटं. चौथ्या दिवसापासून मोबाइलवर 8 मिनिटांचा गजर लावायचा. वाजला की गॅस बंद करून तीन मिनिटं बसायचं किंवा घरातल्या घरात फिरायचं, आणि मग पुन्हा आठ. अजिबात दुखत नसलं तरी थांबायचं. अवघड भाग हाच आहे, आणि योजना फसते तीही इथेच: बऱ्या दिवशी माणूस गजर बंद करतो. आठवडाभर आठ टिकलं की नऊ, पुढच्या आठवड्यात दहा. माप सगळ्यात चांगल्या दिवसावरून ठरवलं, तर दुसऱ्याच दिवशी कोलमडतं.

कंबर भडकेल, तेही होणारच. त्या वेळी माप निम्मं करा, चार मिनिटं, दोन-तीन दिवस. शून्यावर मात्र आणू नका. आणि एक स्पष्ट सांगायला हवं: पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी होईलच असं नाही. आधी मिनिटं वाढतात. म्हणून वहीत मिनिटंच लिहा, दर तासाला ‘आता किती दुखतंय’ ते नको.

वाकायची भीती बसली असेल तर तीही अशीच पायरीपायरीने उतरवायची. रिकामा तांब्या आधी खुर्चीवरून उचला. मन निवांत झालं की पाटावरून, मग जमिनीवरून. उचलताना श्वास रोखला जातो आणि पाठ आखडते, तेव्हा श्वास सोडत उचला.

गोळ्यांचंही तेच. कळ शिगेला पोचल्यावर गोळी घेण्याऐवजी ठरलेल्या वेळी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मनाने वाढवू नका, मनाने बंद करू नका. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला भोवू शकतात.

आता घरच्या मंडळींसाठी. ‘आई गं’ ऐकू आलं की सगळे धावतात, एरवी कुणी चौकशी करत नाही, असं होऊ देऊ नका. ही माया आहे, पण शरीर त्यातूनही शिकत राहतं. आधी बसून सगळ्यांनी मिळून ठरवा, नाहीतर दुखणाऱ्या माणसाला वाटेल की आपल्याकडे पाठ फिरवली. ‘कंबर कशी आहे?’ याऐवजी ‘आज किती मिनिटं झाली?’ असं विचारा. गजर वाजला की लाटणं दुसऱ्याने हातात घ्यावं, ‘तू आता पडच’ असं न म्हणता, आणि तीन मिनिटांनी परत द्यावं.

नमस्कार.