कंपाऊंडची काळी मैना

लांबून बघितलं तर जाईच वाटेल, पण जवळ जाऊ नका लगेच, काटे बघा आधी, जोडीजोडीनं आहेत आणि काही टोकाला दुभंगलेले. ही करवंदीची जाळी आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासकडं जाताना डोंगरावर असते तीच, फक्त ही आहे खाली साताऱ्यात, एका घराच्या कंपाऊंडला.

मार्च चाललाय, कळ्या किंचित गुलाबी आणि उमलली की फुलं पांढरी, वास मंद पण सकाळी गेटपर्यंत येतो. मे महिन्यात इथंच काळी करवंदं लागतील, जी आपण एसटी स्टँडवर पानांच्या द्रोणात विकत घेतो ती.

घरातल्या काकू सांगतात, पहिल्या वर्षी सगळी रोपं मेली. का, तर लाडानं रोज पाणी घातलं. आणि माती काळी, प्लॉट भरून घेताना टाकलेली, पाणी धरून ठेवणारी. करवंद म्हणजे मुरमाचं, कातळाचं झाड हो, मुळाशी पाणी साचलं की संपलं. मग त्यांनी मुरूम आणून फूटभर उंच बांध घातला आणि त्यावर परत लावलं.

रोपं मात्र विकत नाही आणली. नर्सरीत करवंद म्हणून बऱ्याचदा मोठ्या, गुलाबी-पांढऱ्या फळांचं मिळतं, लोणच्याला बेस्ट, आणि केकवरची ती लालभडक चेरी असते ना, ती पण पुष्कळदा ह्याच फळाची, पाकात मुरवून रंगवलेली. वाईट नाही ते, पण काकूंना डोंगरातलंच पाहिजे होतं. मग मे अखेरीला आणलेली करवंदं खाल्ली, बिया धुतल्या, सावलीत सुकवल्या आणि लगेच पिशव्यांत टाकल्या. हे लगेच महत्त्वाचं, कारण करवंदाचं बी ठेवून चालत नाही, दिवाळीपर्यंत डब्यात ठेवलं तर उगवायची आशा सोडा. फांदी खोचून पण बघितली त्यांनी, नुसता चीक गळला, मूळ काही फुटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात अडीच-अडीच फुटांवर रोपं लावली. पहिला उन्हाळा थोडं पाणी, नंतर जवळजवळ नाहीच. तिसऱ्या वर्षी फुलं आली. छाटणी फळं संपल्यावर करायची, हिवाळ्यात कात्री चालवली तर त्या वर्षीची फुलं गेलीच समजा.

वरच्या फांद्यांची फळं बुलबुल नेतात, काकू म्हणतात नेऊ देत, बिया तेच पेरतात. खालची पोरांची, फोडून बघतात, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पाऊस सुरू झाला की मात्र कोणी खात नाही, अळी असते.

एकच तक्रार आहे, ती पण शेजारच्या पोरांची. क्रिकेटचे चार बॉल आत गेलेत, दिसतात पण, काढायला कोणी हात घालत नाही.