पावसानं नव्हे, टाकीतल्या हवेनं

(पाटण, जि. सातारा येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, यंत्राची इंधनाची टाकी गंजली की आपण पावसाला शिव्या देतो. पण पॉवर टिलर पत्र्याखाली होता, झाकण घट्ट होतं, तरी तळाला भोक पडलंच. मग पाणी आलं कुठून?

हवेतून. चिखलणी उरकली की टिलर अर्ध्या टाकीनिशी गोठ्याशेजारी उभा राहतो, आणि नेमके तेच महिने सगळ्यात ओले. टाकी श्वास घेत असते. दिवसा तापली की आतली हवा झाकणाच्या बारीक भोकातून बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते. तिचं पाणी आतल्या उघड्या पत्र्यावर धरतं, ओघळतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजतं. कोयना खोऱ्यात श्रावणात ती त्याखाली येते तरी कधी? तिकडं माणदेशात हीच टाकी कितीतरी जास्त टिकेल.

म्हणून टिलर उभा करून ठेवताना डिझेलची टाकी काठोकाठ भरा. हवेला जागाच ठेवू नका. तळाचा बोल्ट अधूनमधून सैल करून साचलेलं पाणी काढा. डिझेल साठवायला जस्ताचा मुलामा दिलेले डबे मात्र नकोत. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि इंजिनाला त्रास देतं.

पेट्रोलचं गणित वेगळं. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (त्यातलं काही आपल्याच उसाचं, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार!). इथेनॉल पाणी शोषून घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि तो पत्र्याला नुसत्या पाण्याइतकाच वाईट. त्यामुळं ग्रास कटर, पॉवर वीडर दोन-तीन महिने बंद राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, वाळवा, थोडं इंजिन ऑइल ओतून आतून सगळीकडं फिरवा. कार्ब्युरेटरही रिकामा करा.

हत्यारांचं थोडक्यात सांगतो. कोयता, खुरपं, पान्हे धुऊन पुसल्याशिवाय ठेवू नका आणि वर तेलाचा हात फिरवा. ओल्या पोत्यात गुंडाळणं म्हणजे गंज पाळणं. खताच्या पोत्यांपाशी तर मुळीच नको, विशेषतः पोटॅशच्या. ते क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाला सोडत नाही.

गंज धरलाच, तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून काढता येतो. मग लगेच धुवा, वाळवा, तेल लावा. उघडं पडलेलं लोखंड तासाभरात पुन्हा लाल होतं. आणि भोक पडलेली टाकी थेट वेल्डिंगला नेऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते, ठिणगीला तेवढी पुरते.